कोपऱ्यापाशी थांबलेली लेस

निळ्या काचेच्या डोक्याची ती टाचणी कलली होती – किंचित, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं इतकीच. पण नेव्हिलला ती कललेली दिसली आणि मग दुसरं काही दिसेनाच… ट्रेची करडी कड, ट्रेमधली ती मोठ्या भाकरीएवढी गोल, टणक उशी, उशीवर घट्ट गुंडाळलेलं पांढरं फडकं आणि फडक्याच्या सुटलेल्या टोकातून डोकावणारी ती एक टाचणी. पिशवीतून काढताना मनगट लागलं असणार. किंवा मागच्या त्या बाईची चाकांची बॅग. "एकेक वस्तू वेगळी ठेवा, एकेक वेगळी," असं तपासणीच्या पट्ट्यापलीकडून कुणीतरी सारखं बजावत होतं, मागची माणसं रेटत होती, आणि आपण – सदुसष्ट वर्षांचा माणूस – पोलादी टोकाचे बूट काढून, कमरेचा पट्टा काढून, एका हातानं विजार सावरत, दुसऱ्या हातानं एक टाचणी सरळ करायला बघतोय. कशाला आलो मी या विमानतळावर? मोटारीनं जाता येत नाही, मध्ये समुद्र आहे, म्हणून. टास्मानियात जन्माला आलो म्हणून.

"काका, हात नका लावू आता," पट्ट्याजवळची मुलगी म्हणाली. तिच्या छातीवरच्या पाटीवर सेरू असं नाव होतं. फिजीकडची असावी, आवाज मऊ, पण हात मध्ये घातलेला. "हे काय आहे?"

"उशी."

"झोपायची?"

"लेस करायची."

तिनं त्याच्याकडे पाहिलं – त्याच्या रुंद खांद्यांकडे, उन्हानं कायमच्या भाजलेल्या मानेकडे – आणि मग, अर्थातच, त्याच्या मागे उभ्या असलेल्या जोसलिनकडे पाहिलं. "तुमची का, मावशी?"

"माझी?" जोसलिन हसली. "अगं, मला साधं बटण लावता येत नाही. आमच्याकडे लेस हे करतात आणि गवत मी कापते."

हा विनोद अकरा वर्षांचा होता. चर्चच्या जत्रेत, दाताच्या डॉक्टरकडे, शेजारी नवीन राहायला आलेल्या जोडप्यापुढे – कुठेही तो त्याच जागी थांबून, त्याच जागी हसून सांगितला जायचा, आणि नेव्हिलही त्याच जागी मान हलवून हसायचा. संसारातल्या काही गोष्टी चहाच्या किटलीसारख्या असतात, त्या रोज शिट्टी वाजवणारच. पण आज तो सांगताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. विनोद त्या मुलीला सांगितला, हसली त्या मुलीकडे बघून, आणि संपल्यावर ओठ पाकीट चिकटवावं तसे मिटले. हॅगली गावापासून ती अशीच होती.

हॅगलीच्याही आधी, घरातून निघतानाच खरं तर. बहिणीच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी केलेल्या केकचा डबा मागच्या सीटवर ठेवायला तिनं दार उघडलं आणि त्याचा कोट जरा बाजूला केला. कोटाखाली उशीची पिशवी. तिनं कोट होता तसा परत टाकला, इतक्या काळजीनं की त्यापेक्षा आपटला असता तर बरं. मग वेस्टबरी गेलं, दोन्हीकडची चरणारी मेंढरं गेली, आणि हॅगली आल्यावर समोर बघत ती म्हणाली, "म्हणजे तीपण येतेय."

"कोण?"

"तुझी उशी."

त्यानंतर गाडी कुठे लावायची याखेरीज ती एक अक्षर बोलली नव्हती.

पट्टा सरकला. उशी त्या काळ्या झालरींखाली गेली आणि नेव्हिल कमानीतून पलीकडे गेला. कमानीनं काही तक्रार केली नाही, तरी एका मुलानं त्याच्या तळव्यांवरून कसलंसं फडकं फिरवलं, विजारीच्या काठावरून फिरवलं, आणि ते यंत्रात घालून असा चेहरा करून उभा राहिला की नेव्हिलला वाटलं, खरंच आपल्या अंगाला काही लागलेलं असेल का… तेवढ्यात पट्टा थांबला. मागे गेला. पुढे आला. परत मागे. अरे, पाळणा आहे का तो? आत तिरका होतोय का ट्रे? चाळीस जोड कांड्या फडक्याखाली बांधलेल्या, प्रत्येक लाकडी कांडीच्या टोकाला मण्यांचं वजन, प्रत्येकीचा दोरा केसाएवढा; एक जरी दुसरीवरून उलटली तरी सोडवायला आठवडा, आणि हे लोक खेळतायत. यंत्राचा पडदा त्याला कडेनं दिसत होता. पडद्यावर एखादं साळिंदर अंग चोरून बसावं तसं काहीतरी काळं, काट्याकाट्यांचं दिसत होतं. त्याला क्षणभर त्या चित्राचा अभिमानच वाटला. मग लगेच रागही आला.

सेरूनं ट्रे बाहेर काढून बाजूच्या टेबलावर ठेवला. हळू ठेवला, हे खरं.

"काका, आतलं दिसत नाही. टाचण्याच टाचण्या आहेत नुसत्या."

"आत गवत आहे. कुटून भरलेलं सुकं गवत."

"असेल हो. पण मला दिसत नाही ना."

"मी सांगतोय की."

"सगळेच सांगतात," ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. तिनं कुणाला तरी हाक मारली.

आलेला माणूस चाळिशीचा, लालसर भुवयांचा. त्या भुवया नेव्हिलनं कुठेतरी पाहिल्या होत्या. त्या माणसानंही नेव्हिलकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, परत नेव्हिलकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"लेसवाला नेव्ह! तूच ना? मी कर्टिस – डग बेझलीचा मुलगा! बाबा तुझ्याबरोबर खांबांवर होते."

डग बेझली. विजेच्या कंपनीतला. नेव्हिल लाइनमन होता तेव्हा सोळा वर्षं एकाच गाडीतून हिंडलेला डग, ज्यानं डेपोतल्या डबा खायच्या टेबलावर सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "बायकोच्या चड्डीला जरा लेस लावून दे रे नेव्ह, माप मी सांगतो." त्या दिवसापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत ते नाव. बेटातून बाहेर पडायला निघालो, तरी दारावर डगचा मुलगा उभा! या बेटावर माणसाला अनोळखी म्हणून जगताच येत नाही…

"हे बघ, मित्रा," कर्टिस म्हणाला, आणि नेव्हिलनं ओळखलं की आता वाईट बातमी येणार. डेपोत साहेबही वाईट बातमीआधी मित्राच म्हणायचा. "मला माहीत आहे हे काय आहे ते. पण माहीत असून चालत नाही, दिसावं लागतं. एक तर सामानात टाक, खाली विमानाच्या पोटात जाईल. नाही तर गाडीत ठेवून ये. नाही तर टाचण्या काढ, म्हणजे मी परत आतून घालून बघतो."

"सामानात फेकतात."

"फेकत नाहीत रे… बरं, फेकतात."

"आणि टाचण्या काढल्या तर लेस सुटेल."

"सगळी?"

"सगळी!" नेव्हिल म्हणाला. म्हणाला खरा, पण म्हणताना त्याच्या डोळ्यासमोर त्याला लेस शिकवणारी थेक्ला नोस्के नकारार्थी मान हलवत होती.

अकरा वर्षांपूर्वी, वेस्टबरीचं सभागृह. झाड तारेवर पडून अर्धं गाव काळोखात गेलं होतं. तार जोडून तो मीटर बघायला आत आला, तर आत बायकाच बायका, हातातलं काम टाकून, वीज यायची वाट बघत गप्पा मारणाऱ्या. आणि त्या गप्पांच्या खालून एक आवाज – टकटक, टकटक – लाकडावर लाकूड हलकेच आपटल्याचा. कुणीतरी काळोखात काम करत होतं. त्यानं कळ दाबली. भिंतीजवळ एक म्हातारी, कणा ताठ, मांडीवर उशी, बोटांखाली कांड्या पळतायत. वर बघितलंसुद्धा नाही तिनं. "उजेड आला वाटतं," म्हणाली. आणि मग, "बघत काय उभा राहिलास? बूट काढ आणि बस." तो बसला होता. आजही त्याला नीट सांगता येत नाही की का बसला. दिवसभर तारांचे पीळ हातात, आणि इथे तेच – एक जोडी दुसरीवरून, पीळ, पुन्हा वरून, पीळ – फक्त इथे चुकलं तर कुणी मरत नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं का? जोसलिनला? नाही. तिनं विचारलं होतं, कशाला रे हे, आणि मी म्हणालो होतो, वेळ जातो.

थेक्ला अ‍ॅडलेडला परत गेली तरी दर रविवारी फोनवरून शिकवत राहिली. आणि दर रविवारी एकच प्रश्न, "मागच्या टाचण्या काढल्यास का?" झालेल्या भागातल्या टाचण्या काढून पुढे घ्यायच्या असतात, कडेच्या थोड्या ठेवल्या की पुरे. तो म्हणायचा, हो. ती म्हणायची, "खोटं बोलतोस. खांबावर चढताना दोन दोन पट्टे बांधायचास ना? तसाच आहेस तू." आणि आता या लेसचा कोपरा. रुमालाची किनार सरळ चालली तोवर ठीक, पण थेक्लाच्या आजीच्या त्या नमुन्यात कोपऱ्यावर दोरे कसे वळवायचे ते त्याला काही केल्या जमेना. तीन वेळा उसवलं. थेक्लाला फोनवर सांगता येईना. अलीकडे तिला शब्द सापडत नव्हते. "आण," ती म्हणाली होती. "बोटांनी बघीन."

"काढ ना त्या, नेव्ह," जोसलिन म्हणाली. ती पलीकडे केकचा डबा छातीशी धरून उभी होती. तो डबा आतून गेला, त्याच्याबद्दल कुणाला काही शंका आली नाही. "विमान सुटेल. सुटली तर पुन्हा कर. तुला दुसरं काय काम आहे?"

"पुन्हा करून उपयोग नाही!"

आवाज फार मोठा झाला. ट्रे उचलणारे लोक थांबले. कर्टिसनं तळहात जरा वर केला, घोड्याला शांत करावं तसा.

"का नाही उपयोग?"

"बघायला ती नसेल!"

"कोण?"

हे असं सांगायचं नव्हतं. हे अ‍ॅडलेडला पोचल्यावर, केक कापून झाल्यावर, जोसलिन आणि तिची बहीण रोविना जुने फोटो काढून बसल्यावर, टोपी घालता घालता सांगायचं होतं – मी जरा जाऊन येतो गं तासाभरात. इतक्या वेळा मनात म्हणून बघितलेलं वाक्य. आणि आता मोज्यांवर उभं राहून, विजार धरून…

"थेक्ला," तो म्हणाला. "नव्वदीच्या पुढे आहे. दिसत नाही तिला. आणि आता… नर्सनं सांगितलं, येणार असाल तर लवकर या."

जोसलिननं डबा शेजारच्या बाकावर ठेवला.

"म्हणजे तू तिच्यासाठी येतोयस."

"वाढदिवसालाही."

"ही?"

एवढंसं अक्षर. ते तोंडातून निसटलं आणि टेबलावर, त्या दोघांच्या आणि उशीच्या मध्ये, सगळ्यांना दिसेल असं पडून राहिलं. तीस वर्षं तो रोविनाकडे जायचं टाळत आला होता – गुडघा, वादळ, डेपो, एकदा तर कोंबड्या आजारी – आणि मग महिन्यापूर्वी बटाटे सोलणाऱ्या जोसलिनला म्हणाला होता, मीही येतो. तिथेही 'ही'च होता की! पण तो तिनं वेगळा ऐकला. तिनं सुरी खाली ठेवली होती, हात पुसले होते, आणि "खरंच?" एवढंच म्हणून पुन्हा सोलायला लागली होती. आणि ती गुणगुणत होती. त्यानं ऐकलं होतं ते.

कर्टिस छताकडे बघत होता. सेरू उशीकडे.

"आधी बूट घाल," जोसलिन म्हणाली. "लोक बघतायत." आणि पाठ फिरवून चालू लागली.

गेली. जाऊ दे. बसेल विमानात एकटी. त्यानं बूट घातले, नाडी चुकीच्या भोकात गेली, काढली, परत घातली. सगळ्या जगाचा – या ट्रेंचा, डगचा, डगच्या मुलाच्या भुवयांचा, केकचा, रोविनाचा, मरायला निघालेल्या थेक्लाचासुद्धा – त्याला इतका संताप आला होता की कान गरम झाले. मला फक्त एक कोपरा वळवायचा होता. कुणाचं काय घेतलं होतं मी?

"काका," सेरू हळूच म्हणाली, "सगळ्याच लागतात का हो? टाचण्या?"

तो हो म्हणायला गेला. तोंड उघडलंसुद्धा. पण ती मुलगी खरंच विचारत होती. तिला डग माहीत नव्हता, विनोद माहीत नव्हता, तिला फक्त ते समजून घ्यायचं होतं. आणि अशा प्रश्नाला खोटं उत्तर देणं त्याला त्या क्षणी जमेना.

"नाही," तो म्हणाला. "सगळ्या नाही लागत."

त्यानं फडकं मागच्या बाजूनं उलगडलं. झालेली लेस समोर आली. हातभर, अरुंद, पांढरी, आणि तिच्या प्रत्येक भोकात एक टाचणी. स्वतःलाच ते ओंगळ दिसलं. त्यानं अगदी सुरुवातीची टाचणी चिमटीत धरली. खांबावर, वीज बंद केलेली आहे हे स्वतः तपासल्यावरही, तारेला पहिल्यांदा हात लावताना तो क्षणभर थांबायचा, तसाच थांबला. त्यानं ती ओढली. दोरा जरासा वर आला, श्वास घेतल्यासारखा, आणि तिथेच राहिला. दुसरी. तिसरी. ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यानं त्या ओठांत धरल्या.

"गिळशील," मागून आवाज आला.

जोसलिनच्या हातात पुदिन्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी होती, रिकामी. गोळ्या कुठे ओतल्या कुणास ठाऊक. तिनं डबी त्याच्या कोपराजवळ धरली. चेहरा दगडासारखा. "यात टाक."

तो टाकू लागला. डबीत एकेक टाचणी वाजत होती. तो काढत होता, ती धरत होती, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मध्येच एक टाचणी त्याच्या हातातून निसटून तिच्या अंगठ्यात गेली. तिनं "स्स" केलं, अंगठा तोंडात धरला, पण डबी हलू दिली नाही. लेस मात्र काही केल्या सुटेना! अर्धी मोकळी झाली, पाऊण मोकळी झाली, आणि ती आपली पडून होती, जशीच्या तशी, कुणी धरून ठेवलेलं नसताना. अकरा वर्षं. अकरा वर्षं ती म्हातारी सांगत होती आणि तिचंच खरं होतं, आणि आता रविवारी फोन करून ते कबूल करायची सोयही राहायची नाही.

कोपऱ्याजवळच्या टाचण्या त्यानं राहू दिल्या. कर्टिसनं पुन्हा आतून घातलं. यावेळी पट्टा थांबला नाही. सेरूनं दोन्ही तळव्यांनी उशी दाबून बघितली, बाळाचं पोट बघतात तशी, आणि म्हणाली, "गवतच आहे."

"बाबांना सांगतो हं, नेव्ह भेटला म्हणून," कर्टिस म्हणाला.

"सांग," नेव्हिल म्हणाला. "आणि म्हणावं, चड्डीचं माप अजून आलेलं नाही."

कर्टिस मोठ्यानं हसला. जोसलिन हसली नाही.

विमान अजून लागलेलं नव्हतं. उगाचच घाई केली होती सगळ्यांनी. काचेशेजारी दोन खुर्च्या मिळाल्या. त्यानं उशी मांडीवर घेतली. तिनं केक मांडीवर घेतला. बाहेर पिवळ्या जाकिटातली माणसं बॅगा गाडीवरून पट्ट्यावर फेकत होती – फेकतच होती – आणि त्यानं ते तिला दाखवण्यासाठी बोट उचललं आणि खाली घेतलं.

"तिला किती दिसतं?" जोसलिननं विचारलं. काचेकडे बघत.

"उजेड आहे की काळोख आहे, एवढंच."

"मला का नाही सांगितलंस?"

काय सांगायचं? की तू विनोद केला असतास? ते खरं नव्हतं. मरणाऱ्या बाईवर ती विनोद करणारी नव्हती. की सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जा ना, तिच्यासाठी म्हणून सरळ जा, आणि मग तुझ्या बहिणीचा वाढदिवस वेगळा आणि माझं जाणं वेगळं झालं असतं, आणि तुझं ते गुणगुणणं… पण हेही पूर्ण खरं नव्हतं. तो खरं काय ते शोधत राहिला, आणि ती वाट बघत राहिली, आणि मग तिनं वाट बघणं सोडलं. ते त्याला न बघताही कळलं.

"रोविनाला मी खोटं सांगणार नाही," ती म्हणाली. "तू तिच्यासाठी आला नाहीस, हे सांगणार आहे."

"सांग."

"आणि बॅगेत तो हिरवा शर्ट आहे. मी घेतला होता, तुला दाखवला नव्हता. तिथे गेल्यावर देणार होते." ती थांबली. अंगठ्यावरचा रक्ताचा बारीक ठिपका तिनं पुसला. "तो मी परत करणार आहे."

"का? घालीन की मी."

"नको. तो मी दुसऱ्या माणसासाठी घेतला होता."

असं म्हणून तिनं पर्समधलं मासिक काढलं आणि वाचायला लागली, किंवा वाचल्यासारखं करायला लागली.

नेव्हिल बसून राहिला. सकाळपासून ज्या चिडीच्या आधारानं तो इथवर आला होता, ती त्यानं चाचपून पाहिली. ट्रे आठवला, मोजे आठवले, डग आठवला, पण ती काही हाताला लागेना. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावीच, तसं झालं. तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊ लागलं होतं. महिनाभर त्याच्या घरात एक माणूस राहात होता. जो आपल्या बायकोबरोबर तिच्या बहिणीकडे आपण होऊन जाणार होता, ज्याच्यासाठी ती दुकानात उभी राहून शर्टाचा हिरवा रंग निवडत होती, ज्याच्याबद्दल ती फोनवर बहिणीला सांगत होती, हो, नेव्हसुद्धा येतोय. नेव्हिलनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो कसा दिसत असेल, काय बोलत असेल तिच्याशी संध्याकाळी, हे त्याला एकाएकी फार जाणून घ्यावंसं वाटू लागलं, आणि त्याचबरोबर त्या माणसाचा एक विलक्षण मत्सर त्याच्या छातीत हळूहळू, अगदी हळूहळू, पसरू लागला.